फाटकावरचा ससाणा

माझा मोठा भाऊ अचानक धार्मिक झाला, तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली.

धार्मिक, आणि तो! सगळी हयात त्यानं बसवर तिकीट तपासनीस म्हणून काढली. साक्षात देव जरी बसमध्ये बसलेला दिसला असता, तरी त्यानं आधी तिकीट मागितलं असतं. डेपोत त्याला ससाणा म्हणायचे. खच्चून भरलेल्या बसमध्ये पुढच्या दारानं चढायचा आणि मागच्या दाराशी बिनतिकिटाचा कोण उभा आहे हे तिथूनच ओळखायचा. "माणूस खिशात हात घालतो तो तिकीट काढायला की वेळ काढायला, हे खांद्यावरून कळतं," असं म्हणायचा. कुणाच्या लग्नाला गेला तरी आमंत्रण नसलेली माणसं हुडकत बसायचा, आणि वहिनी कोटाला धरून त्याला खाली बसवायची.

त्याला एकट्याला कशाला नावं ठेवू? आमचं घराणंच संशयी. आमचे वडील दुधात पाणी आहे का ते बोट बुडवून बघायचे, आणि आई ते बोट धुतलेलं आहे का ते बघायची. मीही त्याच खाणीतली. समोरचा माणूस विनाकारण हसला तर मी आधी माझी पर्स चाचपते.

तर मी एका बालवाडीत स्वयंपाकघर सांभाळते. आम्हा यहुदी लोकांची बालवाडी. सांभाळते म्हणजे नुसतं रांधत नाही. आमच्यात दुधाचं आणि मांसाचं एकमेकांत मिसळायचं नसतं, भांडीसुद्धा वेगळी ठेवायची. दुधाची निळ्या काठाची, मांसाची लाल काठाची. दोन कपाटं, दोन मोऱ्या, घासण्यासुद्धा दोन. एखादा चमचा इकडचा तिकडे गेला तर मी आकाशपाताळ एक करते, आणि मला पगार त्याचाच मिळतो.

आमच्या फाटकावर माणूस लागतोच. इतर शाळांना फाटक असतं ते पोरं बाहेर पळू नयेत म्हणून. आमच्या शाळेला असतं ते कुणी आत शिरू नये म्हणून. जगात कुठे काही पेटलं की आमच्या भिंतीवर घाण लिहिलेली सापडते. एकदा दगड आला आणि वाळूच्या हौदात पडला. पोरं तेव्हा आत जेवत होती, म्हणून निभावलं. तेव्हापासून आईबाप सकाळी पोराला सोडताना आधी फाटकावरच्या माणसाला न्याहाळतात, मग पोराचा पापा घेतात.

आधीचा माणूस काम सोडून गेला, तेव्हा मी आमच्या मुख्य बाईंपुढे शब्द टाकला. जन्मात कुणापुढे टाकला नव्हता. म्हटलं, "माझ्या भावाला ठेवा. त्याच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही." वहिनी गेली होती, मुलगा परदेशात, आणि हा घरी बसून बसून आंबून गेला होता. खिडकीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या माणसांवर संशय घ्यायचा, दुसरा उद्योग नाही. दाढी करायची सोडली होती. फाटक मिळालं आणि माणूस उभा राहिला. टोपी, शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, इस्त्रीचा सदरा. हे काम गेलं तर हा त्या खुर्चीत परत जाऊन बसेल आणि पुन्हा उठायचा नाही, हे मला लख्ख कळत होतं.

आता शाळेबद्दल सांगते. मला तिचाही संशयच होता. खोटं कशाला बोलू? तिथे शिकवत नाहीत. पोरं खेळतात. बाक नाही, फळा नाही, पाढे नाहीत. पोरांना ज्याचं कुतूहल, तोच त्या महिन्याचा अभ्यास. आणि आमच्या मुख्य बाई? त्या बुटक्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसतात आणि बघतात. पोरानं काही विचारलं की उत्तर द्यायचं सोडून उलट त्यालाच विचारतात, "तुला काय वाटतं?" मी एकदा सांगायला गेले की गॅस संपलाय, तर माझ्याकडेसुद्धा तशाच बघायला लागल्या. मी म्हटलं, "मला वाटतं की सिलिंडर मागवावा."

एकदा पोरांना प्रश्न पडला, मोरीतलं पाणी जातं कुठे. झालं! माझ्या दुधाच्या मोरीखालचा पाइप पोरांनी पान्यानं सोडवला, बाईंनी पान्याला हात लावून जोर दिला, आणि सगळं पाणी माझ्या पायांवर. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी ओरडले तर बाई काय म्हणाव्यात? "मावशी, बघा, त्यांना उत्तर सापडलं." मनात म्हटलं, सापडलं ते माझ्या चपलेत सापडलं.

पण भावाचं सांगत होते.

आमच्या घरांना दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा असते. बोटाएवढी डबी, जरा तिरकी ठोकलेली, आत धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी. भाविक माणसं येता-जाता तिला हात लावतात आणि बोटं ओठांना टेकवतात. दादाच्या स्वतःच्या घरची मेझुझा रंगकामाच्या वेळी निघाली ती पुन्हा लागलीच नाही. वहिनी सांगून सांगून थकली. आणि हा गडी एकाएकी शाळेतल्या प्रत्येक दाराशी थांबून चौकटीवर हात ठेवायला लागला. हळूच, वरून खाली. मग बोटं ओठांना.

सगळे खूश. आजी-आजोबा येऊन मला सांगायचे, "तुमचा भाऊ किती श्रद्धाळू हो!" शाळेच्या कचेरीत हिशेब बघणाऱ्या एक विधवा बाई होत्या, फार सोवळ्या मनाच्या. त्या तर त्याला आदरानं खुर्ची द्यायला लागल्या. माझ्या डोक्यात लगेच लख्ख उजेड पडला, इथे पाणी मुरतंय. म्हातारचळ लागलाय, दुसरं काय! मी त्या बाईंच्या डब्यावर, पावडरीवर, साडीच्या रंगांवर नजर ठेवली. पण ती बाई याच्याकडे बघते तशीच जिन्याकडेही बघते, हे माझ्या लक्षात आलं. हा तर तिच्याकडे बघतही नव्हता. मी स्वतःवरच चिडले.

मग दुसरं सुरू झालं. सकाळी फाटकाशी तो प्रत्येकाला बोलायला लावू लागला. "कोण? बोला. नाव सांगा." दोन वर्षं रोज पोर सोडणाऱ्या बापालासुद्धा! एक दंतवैद्य वडील होते, ते वैतागून म्हणाले, "आजोबा, कालच तर भेटलो." दादा म्हणाला, "काल कालचं होतं. आज बोला." त्यांनी नाव सांगितलं, मग दादानं त्यांच्या पिशवीत हात घालून, पार तळापर्यंत चाचपून आत सोडलं. लोक म्हणाले, काय कडक माणूस आहे, अशानंच पोरं सुरक्षित राहतात. पोरांनी त्याचं नावच 'कोण आजोबा' ठेवलं. मला मात्र खटकत होतं. ससाण्याला नाव विचारायची गरज कधी पडली होती?

त्याच सुमारास पोरांनी महिन्याचा विषय निवडला. फाटक.

कुणी सुचवलं, विचारा. साडेचार वर्षांची एक चिमुरडी आहे, मी तिला वकिलीणबाई म्हणते. तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. ती म्हणाली, आम्हाला कोण आजोबांचं काम करायचंय. बाई म्हणाल्या, करूया. खोक्यांचं फाटक उभं राहिलं, पुठ्ठ्याची चौकट झाली, डबीच्या जागी काडेपेटी चिकटली. पोरं रोज घोळक्यानं खऱ्या फाटकाशी जाऊन बसायची आणि माझ्या भावाकडे एकटक बघायची. मागे स्टुलावर बाई.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ही बाई पोरांकडून हेरगिरी करवून घेतेय! हिला काहीतरी कळलंय आणि तोंडानं बोलवत नाही, म्हणून पोरांच्या आडून माझ्या भावाला तपासतेय. मी दादाला जाऊन सांगितलं, "सांभाळून राहा. तुझ्यावर पाळत आहे."

तो हसला नाही. नेहमीचा असता तर म्हणाला असता, 'पाळत ठेवणाऱ्यावर पाळत ठेवायला मी आहे.' नुसतं विचारलं, "पोरं काय काय बघतात?"

"मला काय माहीत? सगळं बघतात. का? तुझं काही बघण्यासारखं आहे का?"

"नाही," तो म्हणाला आणि टोपी सारखी केली. ती सारखीच होती.

झालं, माझी खात्री पटली. काहीतरी आहे.

काय आहे ते मला चमच्यानं दाखवलं, असं मला वाटलं. दुपारी तो चहाला स्वयंपाकघरात यायचा. त्या दिवशी आला, भिंतीला हात लावत लावत, खुर्चीला ठेच लागली, आणि गरम दुधाच्या पातेल्यात चमचा घालून ढवळायला लागला. लाल काठाचा चमचा. मांसाचा! माझ्या निळ्या पातेल्यात!

"दादा! डोळे फुटले का तुझे?"

त्याचा हात तिथल्या तिथे थांबला. "चुकून झालं," तो म्हणाला.

"चुकून? तुझ्या नाकासमोर लाल काठ आहे! सगळं दूध गेलं, पातेलं गेलं, पोरांना आता काय देऊ? माझं डोकं?" मी इतकी बोलले, इतकी बोलले की बाहेर पोरांचा गलबला थांबला. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. भिंत धरून चालणं. ठेच लागणं. हात चाचपडणं. मी सरळ त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला.

वास नव्हता. पण हुशार माणसं वास येऊ देत नाहीत.

इतकंच म्हणाला, "घेतलास वास? आता जाऊ?"

रविवारी मी त्याच्या घरी गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी बाटली शोधायलाच गेले होते. सांगायला निमित्त केलं की चादरी धुवायला न्यायच्यात. भर दुपार, खिडक्या उघड्या, आणि घरातले सगळे दिवे चालू! बैठकीतला, मोरीतला, जिन्यावरचा, आणि टेबलावर नवीन आणलेला एक, असा प्रखर की डोळे दिपावेत. मी म्हटलं, "वीज काय फुकट येते?" तो म्हणाला, "एकट्याला बरं वाटतं." मी कपाट बघितलं, पलंगाखाली बघितलं, पिठाच्या डब्यात हात घातला. काही सापडलं नाही. तो खुर्चीत बसून माझा आवाज येईल तिकडे मान वळवत होता आणि मला मुळीच अडवत नव्हता.

"सापडलं का?" त्यानं निघताना विचारलं.

"नाही."

"नीट शोधलंस ना?"

मी चादरी घेऊन तरातरा निघून आले. वाटेत रडू आलं, रागानं. म्हटलं, वहिनी असती तर हा असा झाला नसता. आणि उद्या हा झिंगलेला असताना कुणी फाटकातून आत शिरलं तर? पोरांना काही झालं तर? बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं तर त्याचं काम जाईल आणि माझा शब्दही जाईल. माझ्या शब्दाचं एक वेळ राहू दे. पण तो त्या खुर्चीत जाऊन बसेल, त्याचं काय? मी स्वतःला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारचा कार्यक्रम होऊ दे, मग सांगीन.

शुक्रवारी आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो, सूर्य मावळला की. त्याआधी दुपारी शाळेत आईबाप, आजी-आजोबा जमतात. पोरं मेणबत्त्यांशी उभी राहतात, पावाचा तुकडा सगळ्यांत वाटतात, आणि महिनाभर जे काय खेळली असतील ते दाखवतात. त्या शुक्रवारी फाटकाचा खेळ होता. दादा बाहेर खऱ्या फाटकावर होता. मी पावाची परात घेऊन भिंतीशी उभी.

वकिलीणबाई कोण आजोबा झाली होती. डोक्यावर नाकापर्यंत येणारी टोपी, गळ्यात शिट्टी. आली ती खोलीच्या कडेकडेनं, एक हात भिंतीवरून सरकवत, पाऊल टाकायच्या आधी बुटाचं टोक पुढे करून जमीन चाचपत. लोक हसायला लागले. पुठ्ठ्याच्या चौकटीशी पोचली आणि हात वर नेला, वरून खाली, काडेपेटीवर थांबली, बोटं ओठांना. "अगं बाई, किती गोड!" एक आजी म्हणाली. एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "बघा, धर्म असा शिकवावा लागतो. बघून बघून येतो."

मग ती चौकटीच्या दुसऱ्या बाजूकडे वळली, जिथे काडेपेटी नव्हती, आणि तिथेही हात लावला. वरून खाली.

एक मुलगा पिशवी घेऊन आला. "कोण? बोल," ती म्हणाली. तो म्हणाला, "मी आहे." तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मान जराशी वाकडी, कान पुढे. पिशवीत हात घातला आणि डोळे मिटून चाचपत राहिली. "जा आत," म्हणाली. सगळ्या खोलीत हशा. दंतवैद्य वडील तर टाळ्या पिटत होते, "हुबेहूब! हुबेहूब!"

हुबेहूब होतं. माझा भाऊ माझ्यासमोर चालत होता, साडेचार वर्षांचा, आणि मला त्याच्यात दारूचा थेंब दिसत नव्हता. मी परात खाली ठेवली.

बाई स्टुलावरून पुढे वाकल्या. खेळ संपला होता, लोक पावाकडे वळले होते, कोलाहल होता. त्यांनी वकिलीणबाईला जवळ घेऊन हळूच विचारलं, "मेझुझा तर एकाच बाजूला असते. तू दोन्हीकडे का हात लावलास?"

"दार कुठंय ते कळायला," ती म्हणाली.

"आणि डोळे का मिटलेस?"

"त्यांना नाही ना दिसत." ती बाईंना समजावून सांगायला लागली, मोठ्या माणसांना एवढंही कळत नाही अशा सुरात. "कडेचं तर काहीच नाही दिसत. म्हणून आम्ही समोर जाऊन उभं राहतो आणि नाव सांगतो. आणि पायरी आली की सांगतो. कुंडी मध्ये आली होती ना, ती आम्हीच सरकवली."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. आम्ही बघितलं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मान वर केली तेव्हा मी समोरच होते. म्हणजे यांनाही माहीत नव्हतं. महिनाभर स्टुलावर बसून ही बाई पोरांकडे बघत होती, आणि मी या बाईकडे डोळे वटारत होते, आणि ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे फक्त पोरांनी बघितलं होतं.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं तो पितो," मी म्हटलं.

त्या उठल्या. एका बापाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो लगेच बाहेर फाटकाकडे गेला. मग मला म्हणाल्या, "त्यांना माझ्या खोलीत बोलावलंय. तुम्ही या. तुमच्यासमोर बोललेलं बरं."

खोलीत मी कपाटाला टेकून उभी राहिले, दाराच्या जरा बाजूला. बाई टेबलापाशी बसल्या. दादा आला. चौकटीवर हात, वरून खाली. आता मला दिसत होतं की हात डबीवर थांबतच नाही. डबी त्याला वाटेत लागते, एवढंच. तो आत आला, माझ्या समोरून गेला. मी दोन हातांवर होते. खुर्चीची पाठ चाचपून तो बसला.

"बाई?"

"हो, मीच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही.

"पोरांनी खेळ केला म्हणे," तो म्हणाला. "हसणं ऐकू आलं बाहेर. मग हसणं थांबलं. तेव्हाच समजलो."

"कधीपासून?"

"काचबिंदू आहे. आधी कडा गेल्या. नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. आता नळीतही धुकं आलंय. गेलेलं परत येत नाही म्हणतात." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "दर सोमवारी ठरवायचो, आज सांगायचं. आवाजावरून मी माणूस ओळखतो बाई, चूक नाही झाली एकदाही. पण..."

"एकदा झाली असती तर?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला पोरांची माया आहे, ते मी जाणते. पण त्यांच्या जिवाशी खेळ झाला हा. यापुढे फाटकावर तुम्ही नाही. आजपासून."

"बरोबर आहे," तो म्हणाला. लगेच म्हणाला. भांडायला माणूस तयार असावा आणि समोरच्यानं हात जोडावेत, तसं बाईंना झालं असावं.

"एक विनंती आहे," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीला सांगू नका."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाची कडी घट्ट धरली.

"तिनं माझ्यासाठी तुमच्यापुढे शब्द टाकलाय. उपाशी राहील पण कुणापुढे हात पसरायची नाही, अशी आहे ती. तिला सांगा, मी कामात कुचराई केली, उद्धट बोललो, काहीही सांगा. तिला वाटतं मी दारू पितो. माझ्या घरी येऊन बाटली शोधून गेली, पिठात हात घालून." तो थोडासा हसला. "वाटू द्या तसंच. दारू सुटते, बाई. ती मला शिव्या देईल, वास घेईल, पाळत ठेवील, आणि तिला आशा राहील. हे कळलं तर ती माझ्याकडे नुसती बघत बसेल. ते मला दिसायचं नाही, पण कळेल ना."

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. मला इतका राग आला, इतका राग आला त्याचा, माझा, आमच्या बापाच्या दुधातल्या बोटाचा, की कपाटाची कडी खणकन वाजली.

दादा दचकून वळला. ज्या बाजूला मी नव्हते त्या बाजूला आधी, मग माझ्या दिशेनं.

"कोण?" तो म्हणाला. "बोला."

"मी आहे, दादा."

मांडीवरची टोपी त्यानं उलटी केली, सुलटी केली.

"केव्हापासून उभी आहेस?"

"तू आलास त्याच्या आधीपासून."

"आणि गप्प उभी राहिलीस? तू?"

"हो. मी."

मग तो एकदम सरळ झाला आणि बाईंकडे, म्हणजे जिथे बाई असाव्यात तिकडे, तोंड करून त्यानं विचारलं, "मी इथे बसलोय, मग फाटकावर कोण आहे?"

"एका वडिलांना उभं केलंय," बाई म्हणाल्या.

"त्याचे डोळे चांगले आहेत ना?" माझ्या भावानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "हो." मग तो उठला, आणि मी त्याचा हात धरला.